पाडव्याआधीच्या चुळा

५ ऑक्टोबर १९५३
सकाळी दात घासताना रक्त. आरशात पाहिलं. दातांच्या मुळाशी पिवळं किटण, आणि पुढचा एक दात हलतोय असं वाटलं. वाटलंच असेल. बायकोला सांगायला नको होतं. कालिंदीनं लगेच डेंटिस्टचं नाव काढलं.
त्याचा दवाखाना शाहूपुरीत आमच्या गुळाच्या अडतीसमोरच, माडीवर. दात कोरायचं, पायानं फिरवायचं मशीन आहे. घर्रर्र आवाज खाली आला की मी अडतीचं दार लोटून घेतो. मी भीत नाही. नुसता विचार करतो.
पाडव्याला नव्या गुळाचा पहिला सौदा. तुकडा दाताखाली फोडून गूळ कसा आहे ते सांगायचा मान माझा. मालक दादांचा भरवसा या दातांवर. ते गेले तर मला कोण विचारतो?

६ ऑक्टोबर
थोरल्या बहिणीनं, आक्कानं, उपाय सांगितला. बाभळीची साल, कडुलिंबाचा पाला, हिरडा उकळायचा, गाळायचा, चूळ भरायची, थुंकायची. किटण जातं म्हणे. कालिंदीही करणार. डेंटिस्ट कॅन्सल!

७ ऑक्टोबर
अरे देवा, काय कडू! डोळ्यांत पाणी आलं. उद्यापासून गुळाचा खडा टाकणार. गूळ औषधीच असतो.

१२ ऑक्टोबर
आता चूळ मस्त लागते. थुंकणं बंद केलं. गुळावर जगणाऱ्या माणसानं गूळ थुंकायचा? तोंडात घोळवतो नि गिळतो. झोपताना शेवटची. अडतीवर माझ्या हाताखालच्या जोतीरामला काढा चाखवला, त्यानं आणखी मागितला. बाटल्या भरून विकायचा प्लॅन आहे.

१९ ऑक्टोबर
दात हलतो. म्हणजे औषध मुळापर्यंत पोचलं. कालिंदीचं किटण गेलं, हिरड्या घट्ट झाल्या. ती काढा बिनगुळाचा घेते. तिचं किटण मुळात कच्चंच असणार.

२४ ऑक्टोबर
आमचा हमाल पिराजी दाढ काढून आला. म्हणतो, काय न्हाय वो, मुंगी चावल्यागत झालं. गाल मात्र टरटरून सुजलेला! चहा तसाच ठेवून उठलो. काढ्यात गूळ वाढवला.

२ नोव्हेंबर
ठणका. जेवण नाही. मनाचा हिय्या करून डेंटिस्टच्या जिन्यापर्यंत गेलो. वर घर्रर्र सुरू झालं आणि आठवलं, उटणं आणायचंय. घरी सांगितलं, डॉक्टर गावाला गेलेत. कालिंदी म्हणाली, आत्ताच मंडईतनं येताना माडीच्या खिडकीत दिसले की.

६ नोव्हेंबर
लक्ष्मीपूजनाला आक्का आली. कालिंदीनं मुद्दाम माझा काढा पाजला. आक्का ओरडली, ह्यो काढा न्हवं, गुळवणी हाय! दात राखायला सांगितलंतं, तू दातांस्नी जेवाण घातलंस की!
म्हाताऱ्या माणसांना नवं काही पटत नाही. पण रात्रभर जिभेनं दात चाचपतोय. देवा, उद्याचा दिवस काढ. परवा जातो डॉक्टरकडं.

७ नोव्हेंबर, पाडवा
पहिला गूळ कागलकडच्या सयाजी पाटलांचा. व्यापाऱ्यांनी बोटांच्या खुणांनी बोली लावायला उपरण्याखाली हात घातले होते. मी तुकडा दाताखाली धरला. कट्.
तुकडा हातावर काढला. गुळात पांढरं, टणक काहीतरी. जोतीराम ओरडला, गुळात खडा हाय! उपरण्याखालचे हात पटापट बाहेर आले. सयाजींचा चेहरा उतरला. वर्षभराचा ऊस होता तो. त्यांनी आईची शपथ घेतली, खडा न्हाय. कुणी ऐकेना.
मी तोंड घट्ट मिटून उभा. सांगितलं तर मान जाणार. नाही सांगितलं तर कुणाला कळणार नव्हतं.
सयाजी माझ्याकडं बघत म्हणाले, पावणं, तुमीच सांगा की.
मी तोंड उघडलं. बोलावं लागलं नाही.

९ नोव्हेंबर
सौद्यात आता जोतीराम गूळ चाखतो. सयाजींना भाव चांगला मिळाला. मला कुणी हसलं नाही, तेच फार लागलं.
कालिंदीनं हाताला धरून माडीवर नेलं. खुर्चीत लहान पोरासारखा रडलो. डॉक्टरांनी मशीन लावलंच नाही, नुसतं किटण खरवडलं. शेजारचे दात वाचतील म्हणाले. चुळेला काढा सांगितला : बाभूळ, कडुलिंब, हिरडा. गूळ अजिबात नको.
काकवीबद्दल काही बोलले नाहीत.