आजोबांची गोळी आणि तुंबलेलं सिंक

बुधवार, ता. १० जुलै, सायंकाळचे सव्वासात
(सिंकसमोर उलट्या बादलीवर बसून)

तीर्थस्वरूप आत्या,

वाकून नमस्कार. तुमचे गुडघे आणि काकांचा खोकला कसा आहे? आमच्याकडे सगळे ठीक आहे. म्हणजे परवा अजिबात नव्हते, पण आता आहे. कागद मांडीवर ठेवून लिहितो आहे, तेव्हा अक्षर सांभाळून घ्या.

तुमच्या वडिलांनी उभी हयात पाइप जोडण्यात घालवली, त्यामुळे त्यांना जगात सगळीकडे पाइपच दिसतात (आईच्या बोलण्याला ते गळती म्हणतात). कोलेस्टेरॉलची गोळी (हा शब्द डबीवर बघून लिहिला आहे) ते इतकी वर्षं रोज जेवणानंतर घेत होते. गेल्या महिन्यात रक्ताचा रिपोर्ट चांगला आला आणि आजोबा म्हणाले, "पाइप साफ झाला. आता नव्वदीनंतर आणखी किती घासायचा?" आम्ही फार हातापाया पडलो तेव्हा "बरं बाबांनो, घेतो" म्हणून गोळी घेऊन स्वयंपाकघरात पाणी प्यायला जाऊ लागले. आम्ही निर्धास्त! परवा मी ग्लास विसळायला मागोमाग गेलो, तर आजोबा सिंकच्या जाळीतून गोळी खाली सोडत होते. (सिंक महिनाभर तुंबलेलंच होतं.) मला बघून म्हणाले, "माझी नळी उघडली, याची का नाही उघडणार?"

तसाच त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी शांतपणे समजावलं, "आजोबा, रिपोर्ट चांगला आला तो गोळी चालू होती म्हणून. बंद केलीत की रक्तवाहिन्यांत पुन्हा थर चढणार. तुम्हाला अर्धांगाचा एक झटका येऊन गेलाय. या वयात दुसरा आला तर जीव वाचूनही चालणं-बोलणं जाऊ शकतं. रोज घेतलीत तर तो धोका कमी राहील. गोळीचा त्रास नाही ना? मग सोडता कशाला?" यावर आजोबांनी विचारलं, "बाई, तुम्ही स्वतः कधी पाइप उघडलाय?"

आत्या, पाना धरायला मला त्यांनीच शिकवलं आणि अजून अर्धी विद्या त्यांच्याकडेच आहे. मला ते हवे आहेत, चालते, बोलते आणि खेकसणारे.

आणि आज दुपारी चमत्कार! सिंकमधलं पाणी घळघळा खाली जाऊ लागलं. आजोबा बाकावरून पळत आले (पळत!), पाण्याकडे बघतच राहिले आणि म्हणाले, "अरे, जबर गोळी आहे! आणि मी मूर्ख ती याला पाजत होतो." आत्ताच, जेवण उरकल्यावर, त्यांनी गोळी माझ्यासमोर गिळली, जीभ उचलूनही दाखवली. यापुढे एक दिवस चुकवणार नाहीत म्हणाले. आई तर रडलीच.

आपला,
भाचा

ता. क. रिपोर्ट चांगला आला म्हणून तुम्हीही गोळी सोडलीत, हे तुम्हीच त्यांना फोनवर सांगितलं होतंत. त्यांच्या डोक्यात हे तिथूनच शिरलं. रागावू नका, पण डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू करा आणि त्यांना तसं कळवा.

आणखी एक ता. क. तुम्ही दिलेल्या सेटमधला एक चमचा सिंकखालच्या पाइपाच्या वाकणात अडकला होता. तो मी आज दुपारी गुपचूप काढला. रविवारी आलात की नेहमीसारखे चमचे मोजू नका. तो वाकलेला चमचा सध्या माझ्या बुटात लपवला आहे, त्यामुळे मी लंगडतो आहे, आणि आजोबा मघापासून मागे लागले आहेत की तुझ्याही पायातली नळी तुंबलीय, एक गोळी घेऊन टाक.