बारा झाकणांचा जिराफ

३ मार्च १९८५, रविवार. चँडलर, ॲरिझोना.

आजपासून रोजनिशी. मराठीत लिहायची, म्हणजे ऑफिसात विसरली तरी कुणाला वाचता येणार नाही. ऑफिसातल्या उल्हासला येईल, तो मराठी. पण उल्हास दुसऱ्याचं काही वाचत नाही, मशिनचं मॅन्युअलसुद्धा नाही.

अण्णा, म्हणजे माझ्या बायकोचे, सुनेत्राचे, वडील, येऊन आठवडा झाला. ग्रँड कॅन्यन दाखवून आणला. खोल आहे, म्हणाले. मॉल दाखवला. गार आहे, म्हणाले. शेवटी मी स्पष्टच विचारलं की तुम्हाला अमेरिकेत नक्की काय बघायचंय? बराच वेळ लाजले, मग म्हणाले, जिराफ.

अचलपूरच्या शाळेत चौतीस वर्षं भूगोल शिकवला त्यांनी. फळ्याकडे न बघता आफ्रिकेचा नकाशा काढतात. हजारो पोरांना जिराफ समजावून सांगितला, आणि स्वतः कधी पाहिलेला नाही. आमच्या दीपाच्या शाळेतून एका सफारी पार्कचं पत्रक आलंय. आफ्रिकेचे प्राणी मोकळे हिंडतात, आपण आपल्या गाडीतून बघायचं, जिराफ खिडकीशी येऊन तोंड आत घालतो. खरंच आत घालतो का, हे अण्णांनी दीपाला तीन वेळा विचारलं.

मी तिथल्या तिथे शब्द दिला. अण्णांचं विमान १८ मेला आहे, सुनेत्राच्या धाकट्या बहिणीचं, पद्मिनीचं, लग्न आहे म्हणून. हातात अकरा आठवडे. माझ्यासारख्या प्रोसेस इंजिनिअरला हे म्हणजे काहीच नाही.

४ मार्च, सोमवार. लंच अवर.

बजेट केलं.
प्रवेश, एक गाडी: २८ डॉलर.
गॅस (म्हणजे पेट्रोल), जाऊन-येऊन २८० मैल: १८ डॉलर.
जेवण: घरचं. शून्य.
जिराफाची बिस्किटं, एक पुडा एक डॉलर: काट. जिराफाला आपली पोळी चालेल.
एकूण ४६.

संध्याकाळी सुनेत्राला दाखवलं. ती म्हणाली, मग आहेत ना सेहेचाळीस डॉलर बँकेत, या शनिवारी जाऊ. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण प्लॅनिंग म्हणजे काय हे तिला शिकवायचं राहूनच गेलं.

९ मार्च, शनिवार.

ब्रेकथ्रू!

ग्रोसरीत नाश्त्याच्या सिरियलच्या खोक्यावर त्याच पार्कचं चित्र दिसलं. बारा खोक्यांची झाकणं कापून पाठवा, एका गाडीचा पास फुकट. तिथेच उभं राहून गणित केलं. खोकं २.१९, बारा खोकी २६.२८. म्हणजे १.७२ आत्ताच वाचले. रविवारच्या पेपरात दर खोक्यावर पंचवीस सेंटांचं कूपन असतं, ते तीन डॉलर. पोस्टाचे बावीस सेंट वजा. निव्वळ नफा साडेचार डॉलर! शिवाय बारा खोकी सिरियल खायला. नाश्ता तर एरवीही करतोच.

सुनेत्रा म्हणाली, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. तिला म्हण लागू करता येत नाही. इथे मसाला स्वस्त पडतोय.

१७ मार्च, रविवार.

दोन खोकी संपली. सिरियलमध्ये ओटचे गोल गोल तुकडे आहेत आणि मार्शमेलोचे, म्हणजे मऊ साखरेचे, रंगीत प्राणी. मुलं प्राणी वेचून खातात आणि ओट तसेच टाकतात. अण्णांना अन्न टाकलेलं बघवत नाही. ते मुलांच्या वाट्या पुढे ओढून, राहिलेलं दुधासकट संपवतात. रोज सकाळी दीपा एक पिवळा जिराफ शोधून आजोबांच्या वाटीत टाकते, आणि ते तो चष्मा पुसून बघतात आणि शेवटी खातात.

कुठला शनिवार धरायचा, असं अण्णांनी हळूच विचारलं. सध्या आपण प्लॅनिंग फेजमध्ये आहोत, असं सांगितलं. त्यांनी मान डोलावली. समजूतदार माणूस.

२४ मार्च, रविवार.

वेग कमी पडतोय, या आठवड्यात एकच खोकं संपलं. आलेख काढला. या गतीनं बारावं खोकं मेअखेरीस संपेल, म्हणजे अण्णा गेल्यावर. कन्झम्प्शन वाढवणं आवश्यक.

उपाय सुचला, चिवडा. इथल्या प्रत्येक मराठी घरात सिरियलचा चिवडा होतो, मग याचा का नाही? सुनेत्रानं हात जोडले. मग मीच केला. मोहरी, हिंग, हळद, मिरच्या, शेंगदाणे, आणि वर दोन खोकी एकदम. मार्शमेलो तेलात वितळतो, हे खोक्यावर लिहायला हवं होतं. झारा कढईतून निघेना. रंग थोडा गुलाबी आला, थोडा हिरवा. पण चव, निदान कडेकडेची, बरी आहे. ३० तारखेला महाराष्ट्र मंडळाच्या पाडव्याला पॉटलक आहे, प्रत्येकानं एक पदार्थ न्यायचा, तिथे नेतो. सगळा संपेल.

३१ मार्च, रविवार.

संपला नाही. मंडळातल्या रुपालीवहिनींनी झाकण उघडून हा होळीचा उरलेला आहे का म्हणून विचारलं. लोक नवीन पदार्थाला तयारच नसतात. पातेलं नेलं तसं परत आणलं. अण्णा अजून रोज दुपारी चहाबरोबर थोडा थोडा खातायत. अजिबात तक्रार नाही.

६ एप्रिल, शनिवार.

आठ खोकी झाली. पण एक छोटी अडचण.

आमच्या अमितला खाताना खोकं वाचायची सवय आहे. आज त्यानं मागची बाजू मोठ्यानं वाचली. त्यात जिलेटिन. म्हणे सायन्सच्या टीचरनं सांगितलंय, गायी-डुकरांच्या हाडा-कातड्यांपासून करतात, सो ग्रॉस. नशिबानं अण्णा आंघोळीला गेले होते आणि सुनेत्रा दीपाला घेऊन डेंटिस्टकडे. मी त्याला समजावलं की अमेरिकेत या गोष्टी वेगळ्या असतात. तो म्हणाला, डॅड, वुई आर इन अमेरिका.

अण्णा अंड्याचा केक खात नाहीत. विमानात अठरा तास केळ्यांवर काढले त्यांनी.

शांतपणे विचार केला. आठ खोकी पोटात गेलेली आहेत, ती काही परत येणार नाहीत. आत्ता सांगून म्हाताऱ्या माणसाला दुःख देण्यात काय शहाणपण? उरलेली चार फेकून द्यावीत, तर अन्न फेकणं पाप. सत्य सांगायलाही योग्य वेळ लागते. ती बाराव्या खोक्यानंतरची आहे. अमितला सध्या बोलू नको म्हणून बजावलं. त्यानं एक डॉलर मागितला. बजेटमध्ये बिस्किटांचा वाचलेला होताच, तो दिला.

संकल्प: उद्यापासून मी स्वतः दोन वाट्या खाणार, म्हणजे अण्णांवर भार कमी पडेल.

७ एप्रिल, रविवार.

अर्धी वाटी. फार गोड आहे हो.

१३ एप्रिल, शनिवार.

उल्हास आणि मी एकमेकांच्या गाडीतून आलटून पालटून ऑफिसला जातो. काल येताना त्याला प्रोजेक्टची माहिती दिली. तो म्हणाला, आम्ही मागच्या वर्षी गेलो होतो यार. सकाळी उठलो, आमची शरयू म्हणाली जाऊ या, गेलो. अठ्ठावीस दिले, दोन तासांत सगळं पाहून झालं. असं सांगत होता जणू काही पराक्रमच केला. कूपन नाही, नकाशा नाही, काही नाही. नुसते गेले आणि आले. अशा माणसांना मॅनेजर करतात.

अण्णांनी दीपाच्या वहीत आफ्रिका काढून दिली. जिराफ कुठे कुठे राहतो तिथे खुणा केल्या. अजूनही विचारतात, पण आता मला नाही, दीपाला.

२० एप्रिल, शनिवार.

बारा! शेवटच्या खोक्यातलं मीच संपवलं. म्हणजे बरंचसं बाहेर पक्ष्यांना घातलं. अन्न वाया गेलं नाही.

झाकणं कापली, मोजली, लिफाफ्यात घातली. पत्ता लिहिताना खाली बारीक अक्षरं दिसली. पास पोचायला सहा ते आठ आठवडे लागतील.

अण्णांना जायला चार आठवडे आहेत.

घाबरण्याचं कारण नाही. कंपन्या नेहमी वाढवूनच सांगतात. आम्हीसुद्धा गिऱ्हाइकाला चिप आठ आठवड्यांत देऊ म्हणतो. आम्हाला दहा लागतात, पण सेमीकंडक्टर वेगळं आणि सिरियल वेगळं.

२९ एप्रिल, सोमवार.

टपाल: विजेचं बिल, दाताच्या डॉक्टरचं बिल. पास नाही.

सिरियल कंपनीच्या, आठशेनं सुरू होणाऱ्या फुकट नंबरवर फोन केला. बाई म्हणाली सहा ते आठ आठवडे. मी सुपरवायझर मागितला. तो आठच म्हणाला.

५ मे, रविवार.

आजचा दिवस लिहू नये असं वाटतं. तरी थोडक्यात.

दीपा अण्णांना इंग्रजी वाचून दाखवते आणि अण्णा तिला मराठी. आज तिनं रिकामी खोकी काढली. अण्णा सावकाश बोट फिरवत वाचत होते, आणि बोट थांबलं. अण्णा शिक्षक माणूस, त्यांना जिलेटिन म्हणजे काय हे ठाऊक होतं. त्यांनी मला हाक मारली. जावईबापू, हे तुम्ही पाहिलं होतंत का? मी म्हणालो, छे, आत्ताच कळतंय. तेवढ्यात अमितनं तारखेसकट सांगितलं की त्यानं डॅडला सहा एप्रिललाच सांगितलं होतं, आणि एक डॉलरचंही सांगितलं. पोराची स्मरणशक्ती चांगली आहे, पण कुठे वापरावी हे कळत नाही.

अण्णा उठले, चूळ भरली आणि खोलीत जाऊन बसले. तीन दिवस फक्त दूध आणि फळं घेणार आहेत.

सुनेत्रा माझ्याशी बोलत नाही. अण्णा तिला आतून समजावत होते, ते ऐकू आलं. अगं, माझ्यासाठीच धडपडतायत ते. मीही तिला दोन महिने हेच सांगतोय.

११ मे, शनिवार.

सुनेत्रा सहा दिवसांनी बोलली. गाडीची किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाली, आज जाऊ. अठ्ठावीस डॉलर मी देते.

मी तिला नीट समजावलं. पास निघालेला असणार, कदाचित सोमवारी हातात पडेल. आज रोख भरले, तर ती बारा खोकी कशासाठी खाल्ली? अण्णांना जे सोसावं लागलं तेही फुकट जाईल. ती किल्ली उचलून आत गेली.

पटलं असावं.

अण्णा दारात उभे होते. पायात बूट होते.

१३ मे, सोमवार.

नाही आला.

१५ मे, बुधवार. संध्याकाळी ७.

आज उल्हासच्या गाडीचा दिवस. साडेचारला त्यानं घरी सोडलं. घराला कुलूप, आमची गाडी नाही. माझी किल्ली तिच्या जुडग्यात. पायरीवर बसलो. टपाल तिथेच बघितलं. पास नाही. ऊन एकशे एक डिग्री फॅरेनहाइट. शेजारीण दोनदा बाहेर येऊन ओके आहात ना म्हणून विचारून गेली.

सव्वासहाला आले चौघं. नाकं लाल झालेली. दीपाच्या केसांना जिराफाची लाळ, आणि ती धुवायची नाही म्हणते. ओडोमीटर बघितला. दोनशे त्र्याऐंशी मैल जास्त. सगळे सुनेत्रानं चालवले. मुलांच्या शाळेत चिठ्ठी दिली होती, फॅमिली फंक्शन म्हणून.

ऑसम, म्हणाला अमित. त्याच्याकडून हा शब्द आमच्या कुठल्याही ट्रिपला मिळालेला नाही. बिस्किटांचे सहा पुडे घेतले. सहा!

मला का सांगितलं नाही, असं सुनेत्राला विचारलं. ती कणीक भिजवत होती. म्हणाली, सांगितलं असतं तर प्लॅन झाला असता.

इथे ती चुकली. प्लॅन तयारच होता.

१७ मे, शुक्रवार. संध्याकाळी.

उद्या अण्णा जाणार. सुनेत्रा बॅगा भरत होती. अण्णा मागच्या अंगणात माझ्याजवळ येऊन बसले. मला वाटलं जिलेटिनवर बोलणार. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

ते जिराफावर बोलले. पाऊण तास. त्याची जीभ जवळजवळ काळी असते आणि हातभर लांब. ती त्यांच्या बोटांना गुंडाळली तेव्हा सँडपेपरसारखी खरखरीत लागली. पापण्या एवढ्या मोठ्या, की आधी त्याच दिसल्या, डोळे मागाहून. तो खिडकीशी वाकला तेव्हा त्याच्या श्वासानं चष्म्यावर वाफ धरली. मग काही दिसेना, तरी त्यांनी चष्मा काढला नाही. चौतीस वर्षं पोरांना उंची सांगितली, आकडा अगदी बरोबर होता, पण एवढा उंच असतो हे माहीतच नव्हतं. असं म्हणाले आणि हसले. त्यांना असं हसताना मी या अकरा आठवड्यांत पाहिलं नव्हतं. मला बरं वाटलं. आणि मग फार वाईट वाटलं. कशाचं ते नीट सांगता येत नाही, पण साडेचार डॉलरचं नक्कीच नाही.

जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, जावईबापू, तुम्ही असायला हवे होतात.

मी म्हणालो, सुनेत्रानं विचारलं होतं मला, पण ऑफिसातून निघताच आलं नाही. डेडलाइन होती.

हो, म्हणाले अण्णा, गाडीत सांगत होती ती तसं.

सुनेत्रा असं काही सांगत नव्हती. मला कुणी विचारलंच नव्हतं, आणि अण्णांना ते माहीत होतं.