ताईनं बशी फोडली

सोमवार, ४ मार्च

आज ड्रम वाजवताना ताल चुकला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा!

हॉलच तसा आहे. लाकडी जमीन, उंच छत, कुणाची खुर्ची सरकली तरी सगळ्यांना ऐकू जाते. एका कोपऱ्यात आम्ही चौघं बँडवाले आणि समोर अख्खा वाद्यवृंद. व्हायोलिनवाले, बासरीवाले, पितळी तुताऱ्या, सगळे चकचकीत बुटांत. मी चपला घालून गेलो होतो. मध्ये हातातल्या छोट्या काठीनं सगळ्यांना ताल दाखवणारे संचालक. मनातल्या मनात मी त्यांना काठीवाले म्हणतो.

गाणं ताईचं. लिहिलंय तिनं, गातेयही तीच. गाणं कसलं, अख्खी यात्रा — अर्ध्या तासाला दोन-चार मिनिटं कमी, चाल बदलते, ताल बदलतो, आणि मधला मोठा भाग सात मात्रांचा. सात मी लहानपणापासून एकाच वाक्यावर मोजतो: ता-ई-नं-ब-शी-फोड-ली. फोडली होतीच तिनं. आणि आईला नाव सांगितलं माझं! ती मात्र अजून कबूल होत नाही. तिचं मोजणं वेगळं: भा-वा-नं-ब-शी-फोड-ली. मात्रा तेवढ्याच, म्हणून आजवर निभावलं.

आज नाही निभावलं. काठी खाली आली की मी ड्रमवर ठोका देतो. वाद्यवृंदाची रीत निराळी — काठी खाली येते, ते सगळे एक क्षण थांबतात आणि मग सूर उमटतो. मी दर वेळी त्यांच्या पुढे. जेवायला बोलावलं नाही तोवर पानावर बसलेला पाहुणा! काठीवाले हसून म्हणाले, "अजून एकदा. घाई कसली?"

घाई कसली ते मला एकट्याला माहीत आहे.

ताईच्या गळ्यात गाठ आहे. पुढच्या सोमवारी ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, बोलणं परत येईल, गाण्याची खात्री नाही. तोवर गळ्याला जपा, असंही म्हणाले. जपतेय कसली! रेकॉर्डिंगला हॉल तीन दिवसच मिळालाय आणि तिला सगळ्यांच्या मधोमध उभं राहूनच गायचंय. तिचा आवाज सगळ्या माईकमध्ये जातो, नंतर वेगळा काढता येत नाही. म्हणजे मी चुकलो की तिनं पहिल्यापासून गायचं. काठीवाल्यांना कळलं तर ते काठीच खाली ठेवतील, म्हणून तिनं मला दम भरलाय — "कुणाजवळ बोललास तर याद राख."

चूक माझी, झिजतोय तिचा गळा. भीती वाटते. फार भीती वाटते.

मंगळवार, ५ मार्च

सकाळी उशीवर ड्रमच्या काड्या आपटत बसलो. बायको म्हणाली, उशीनं काय घोडं मारलंय तुझं?

चहाच्या सुट्टीत नगारेवाल्या बाई शेजारी येऊन बसल्या. वाद्यवृंदात तांब्याचे मोठे नगारे त्या वाजवतात. कालपासून माझी तारांबळ बघत असणार. म्हणाल्या, "काठीकडे बघूच नकोस. काठी म्हणजे नुसतं आमंत्रण. शेजारचा श्वास घेतो ना, तो सोडायला लागला की वाजव."

पुढच्या टेकला मी चक्क त्यांच्या खांद्यांकडे बघत वाजवलं. बसलं! सातही मात्रा कुलपात किल्ली बसावी तशा. वर ताईचा आवाज असा गेला की मला हुंदका आला. संपल्यावर काठीवाल्यांनी मान डोलावली. मला वाटलं, सुटलो.

ताई रेकॉर्डिस्टच्या काचेच्या खोलीत गेली. तिथं गरम पाण्याचा थर्मास असतो, प्रत्येक टेकनंतर जाते. ती बाहेर आली आणि माझ्या हेडफोनमध्ये रेकॉर्डिस्टचा आवाज: "सातच्या भागात ड्रम जरा पुढे जातोय. अजून एकदा."

पुढे? मी? मला तर तसूभरही कळलं नाही. चूक करतोय त्याची भीती होतीच. आता करतोय तेही कळत नाही, ही नवी.

परत वाजवलं. परत ड्रम. परत.

बुधवार, ६ मार्च

दिवसभर तेच. ताई काचेच्या खोलीत जाते, पाणी पिते, बाहेर येते, आणि हेडफोनमध्ये — ड्रम, अजून एकदा. लंबू बास वाजवतो, वीस वर्षांचा दोस्त. तोही आज माझ्याकडे न बघता तारा जुळवत बसला. मी कुणाला दोष देणार? नाचता येईना अंगण वाकडं म्हणावं, तर अंगणही सरळ आहे.

दुपारी तिचा आवाज खरखरायला लागला. मी जवळ जाऊन म्हटलं, ताई, बस झालं, दुसरा कुणीतरी बसव ड्रमवर. ती म्हणाली, "तू वाजव रे. मी सांगेन बस कधी ते."

मग मी काठीवाल्यांकडे गेलो. सांगून टाकायचंच असं ठरवून. तोंड उघडलं आणि विचारलं काय, तर पंखा बंद करू का! भेकड मेला.

शेवटच्या टेकला सगळ्यात वरच्या सुरावर तिचा आवाज फाटला. तरी थांबली नाही, त्या फाटक्या आवाजानंच शेवटपर्यंत गेली. व्हायोलिनवाल्यांनी गज स्टँडवर आपटून दाद दिली. ती माझ्याकडे बघून हसली. इतकी आनंदात मी तिला लग्नातही बघितली नव्हती. मला वाटलं, माफ केलं वाटतं मला. त्यानं अजूनच जीव गेला.

शुक्रवार, ८ मार्च

काड्या माळ्यावर टाकल्या. डोळ्यांआड बऱ्या.

सोमवार, ११ मार्च

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितोय. तिला आत नेलं. जाताना माझा कान ओढला, लहानपणी ओढायची तसा. मी मात्र देवाला सांगत बसलोय की माझे हात घे, तिचा गळा सोड. देव असला सौदा करत नाही, ठाऊक आहे. तरी.

— गाठ निघाली. धोका टळला. गाण्याचं विचारलं तर डॉक्टर चष्मा पुसायला लागले. वाट बघू म्हणाले. दोन आठवडे एक शब्दही बोलायचा नाही.

गुरुवार, १४ मार्च

तिच्याकडे गेलो. खिडकीत बसून होती. मी चहा केला, ठेवला, आणि तिच्या तोंडाकडे न बघता निघून आलो.

शनिवार, १६ मार्च

रेकॉर्डिस्टनं ऐकायला बोलावलं होतं. जाणार नव्हतो. लंबूनं ओढून नेलं.

अल्बमवर मंगळवारचा टेक जाणार. चहाच्या सुट्टीनंतरचा पहिलाच! मी म्हटलं, त्यात तर ड्रम पुढे होता ना? रेकॉर्डिस्ट खाली बघायला लागला. मग म्हणाला, "ड्रम पुढे नव्हताच. कधीच नव्हता त्यानंतर. ताई दर वेळी आत येऊन सांगायच्या — नंतर गाता येईल न येईल, मला अजून एकदा गाऊ दे. कारण काय सांगू विचारलं, तर म्हणाल्या, भावाचं नाव सांग. त्याला सवय आहे."

रविवार, १७ मार्च

तिला जाऊन विचारलं. बोलायची बंदी अजून आहेच. तिनं चमचा उचलला, बशीवर सात ठोके दिले, आणि माझ्याकडे बोट केलं.

बशी धुताना हातातून निसटली, फुटता फुटता वाचली.