पाण्याखालच्या बाईने धरलं तर

ओर्लिनदादा,

धाकट्या मेल्बाचा ला सेइबाहून नमस्कार. मी मजेत आहे. आईला सांग, पोटभर जेवते. फक्त इथल्या उकडलेल्या केळ्यांना आपल्या नारळाची चव नाही.

तातडीच्या उपचारांचा वर्ग सुरू झालाय. रबरी पुतळ्याची छाती दाबताना शहरातली पोरं धापा टाकतात. मी होडी वल्हवत वाढलेली, मला काय त्याचं. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "मेल्बा, बरगड्या शिल्लक ठेव त्याच्या."

काल त्यांनी विचारलं, खोल बुडी मारून भरकन वर आलेल्या माणसाचे पाय लुळे का पडतात? माझ्या तोंडून निघून गेलं, "लिवा मैरिन धरते. पाण्याखालची बाई." वर्ग खो खो हसला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "रक्तात वायूचे बुडबुडे होतात. पण रोगी येऊन बुडबुडे म्हणणार नाही, मेल्बा म्हणाली तेच म्हणेल. ज्याला ते कळणार नाही, तो रोग्याचे पाय घालवेल."

आई सांगत होती, परवा बुड्या मारून शेवंडं धरून आलास आणि रात्री लिवा मैरिन तुझ्या स्वप्नात आली. फोनवर तू हसण्यावारी नेशील, म्हणून आजच्या बोटीने हे पत्र पाठवतेय. मांत्रिकाला खुशाल बोलाव, पण आधी दवाखान्यात जाऊन ऑक्सिजन घे.

नुसती स्वप्नातच आली ना रे? वाचून झालं की ऊठ, दारापर्यंत चालत जा, आणि आईला तुझी चाल बघू दे.

तुझ्या पायांवर इथून डोळा ठेवून बसलेली,
मेल्बा