कुळावरून नाव

डोंबिवली, ११ एप्रिल १९९७

पुरवणीला मंगळवारी मजकूर हवा. विषय पक्का — सायक्लिन. वनस्पतीच्या पेशीनं दुभंगायचं कधी, हे ठरवण्यात या प्रथिनांचा हात. लेक भागीरथी पीएच.डी.साठी भातातली हीच प्रथिनं अभ्यासतेय. तज्ज्ञ घरातच!

जेवताना तिनं समजावलं. आजवर ज्या प्रयोगशाळेला प्रथिन सापडलं, तिनं मनाला येईल ते नाव ठेवलं. एकाच प्रथिनाला दोन-दोन, तीन-तीन नावं. आता रचना ताडून कुळं पाडलीत — ए, बी, डी. नाव कुळावरून.

सोपं आहे. आरामात होईल.

१३ एप्रिल

कोपरीला गेलेलो, सहदेवच्या घरी. त्याचं नि भागीरथीचं लग्न पुढच्या महिन्यात. त्याच्या आईनं, विमलाबाईंनी विचारलं, ताटातल्या तांदळांत सुनेचं नवं नाव कोणतं लिहायचं? वासंती ‘तुम्हीच ठरवा’ म्हणणार, हे मला ठाऊक — बायकोला ओळखतो! आधीच बोललो. नाव बदलायचं नाही. भागीरथी हे माझ्या आईचं नाव. शिवाय पोरीचे दोन निबंध याच नावानं छापलेत. उद्या शोधणाऱ्याला सापडायचे कसे? सायक्लिनचा दाखलाही दिला.

विमलाबाई म्हणाल्या, "आमच्याकडे सून येतेय की प्रथिन?"

सगळे हसले. मग त्यांनी मानलं. भागीरथी चिवड्यातले शेंगदाणे वेचत बसलेली. भिडस्त आहे.

१४ एप्रिल

कच्चा लेख भागीरथीला दाखवला. शेवटी मी लिहिलेलं — नवी नावं सोयीची, पण जुनं तेच खरं. तिनं पेन्सिलीनं काट मारली. म्हणाली, "खरं कसलं, बाबा? ज्यानं पहिल्यांदा बघितलं, त्याच्या आवडीचं ते नाव. प्रथिनाला काय त्याचं?"

वाक्य झकास. तसंच लेखात घातलं.

१५ एप्रिल

मजकूर वेळेत पोचवला. संपादक खूश.

१९ एप्रिल

लग्नपत्रिकेचं प्रूफ आलं. तपासायला भागीरथीकडे दिलं. तिनं स्वतःच्या नावावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "निबंधांचं मी बघेन, बाबा. लग्नात नाव बदलतं म्हणून शाळेत असल्यापासून वाट बघत होते मी."

कोणतं हवंय, विचारलं. लगेच सांगितलं.

इथं लिहायला अजून हात होत नाही.