कशाला हवा असतो माणूस

अंबड, नाशिक
४ मार्च २००४

प्रिय रविराज,

तुझं पत्र आलं आणि मला कोण आनंद झाला! शेजारच्या मंगलाबाई म्हणाल्या, द्या, वाचून दाखवते. मी म्हटलं, चौथी शिकलेय मी, नातवाचं मीच वाचीन. दोन दिवस लागले. अक्षर जरा मोठं काढत जा बाबा. नवा माठ घेतलाय, पाणी छान गार होतं.

दिवाळीत तुम्हा बापलेकांचा वाद मी करंज्या तळताना ऐकला होता. तुझा बाप म्हणत होता, ज्या पुरुषांना पुरुषच आवडतात त्यांना मुलं होत नाहीत, मग ते निसर्गात कधीच संपून जायला हवे होते; तेव्हा हे तुझं पुण्यात लागलेलं खूळ, लग्न झालं की जाईल. तू म्हणालास, असे पुरुष भावाबहिणीची मुलं वाढवतात, त्यातून घरचं रक्त टिकतं, म्हणून ते पुन्हा पुन्हा जन्मत असतील. शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही, असंही म्हणालास. माझ्या डोळ्यांपुढे गोरक्षभावजी उभे राहिले.

सटाण्याचे, तुझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही. सायकल दुरुस्त करणाऱ्या फकिराच्या सोबतीनं जन्म काढला. आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, बोललं कुणी नाही. तुझ्या बापाला गोवर निघाला तेव्हा त्याला बारा दिवस त्यांनीच मांडीवर धरला. कांदाभजी मात्र त्यांच्या हातची खावीत, माझी तशी कधी झाली नाहीत. ते गेले तेव्हा, बिनलग्नाचे म्हणून, उचलायच्या आधी रुईच्या फांदीशी त्यांचं लग्न लावलं. हळद मी लावली. फकिरा लांब कांद्याच्या चाळीपाशी उभा होता. त्याला कुणी पुढे बोलावलं नाही. मीसुद्धा नाही.

म्हणून सांगते, तुझंही म्हणणं मला पटलं नाही. भावजींनी पुतणे वाढवले नसते तर काय ते नकोसे होते? बैल ठेवायचा की बाजारात न्यायचा, तसं बोलत होतात तुम्ही दोघं. ज्याला मांडीवर वाढवला तोच खूळ म्हणतो, मग त्या वाढवण्याचं तरी काय झालं?

आता मुद्द्याचं. फोन बापाच्या खोलीत, म्हणून लिहितेय. पुढच्या शनिवारी तुला फोन येईल की आजीचं काही खरं नाही, निघून ये. मी ठणठणीत आहे, काल दोन भाकरी खाल्ल्या. रविवारी पंचवटीतली एक मुलगी तुला दाखवायचं ठरलंय, लगेच फोडायला सुपारीसुद्धा आणून ठेवलीय. तीही कुणाची तरी नात असेल. तुला बघायला जीव तुटतो रे, पण येऊ नकोस.

तुझीच,
आजी