क्लाउडसाठी दोन कौल

४ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी ७.
आज पहाटे आंघोळ करून देवळात गेलो आणि ग्रामदेवीला सॉफ्टवेअरबद्दल कौल लावला. दिवेआगरात हा प्रश्न प्रथमच विचारला गेला असावा. आमच्या होमस्टेच्या पाहुण्यांना निरोप पाठवायला जुना कॉम्प्युटर ठेवावा, की माझ्या बायकोची, सुचित्राची, भाची हेमाली म्हणते ते क्लाउडवालं घ्यावं? गणराज गुरव म्हणाला, "महादेवभाऊ, देवीला एका येळी एकच विचारायचा." मग विचारलं, नवीन घ्यावं का? उजवी पाकळी पडली. म्हणजे होकार.
घाईत प्रश्न नीट मांडला गेला नाही. पुढच्या मंगळवारी पुन्हा.

५ नोव्हेंबर.
जुन्याचे गुण, स्वतःच्या माहितीसाठी. तेरा वर्षं पडवीत आहे. वादळात पत्रे उडाले, हा राहिला. नाव घातलं की 'सप्रेम नमस्कार'सह मेसेज तयार. मागच्या सिमवाल्या डोंगलमधून जातो, पडद्यावर हिरवी खूण येते. आणखी काय हवं?
हेमाली पनवेलहून आली होती. म्हणाली, "काका, हे सगळं एका मशीनवर बसलंय. ते बंद पडलं की तुम्ही बंद. क्लाउडवर व्हॉट्सअ‍ॅप, ईमेल, एसएमएस एकाच जागी येतात. मावशीला स्वयंपाकघरात फोनवर दिसेल." मी शांतपणे विचारलं, म्हणजे आपले पाहुणे दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर ठेवायचे? सुचित्रा म्हणाली, "अहो, तुमचा सातबारा कुठे असतो? उशाखाली?"
विषय सोडून बोलली.

११ नोव्हेंबर.
प्रश्न सुधारून लावला: जुनं उत्तम चालू असताना नवीन घ्यावं का? पुन्हा उजवी. गणराज म्हणाला, "भाऊ, देवी कंटाळंल."
एक डिसेंबरला निर्णय. नक्की.

१८ नोव्हेंबर.
साताऱ्याच्या देवदत्त सरांना मेसेज केला. सर आणि वल्लरीताई नऊ वर्षं नाताळच्या आठवड्यात येतात. त्यांच्यामुळेच हा होमस्टे सुरू झाला. आमचे पहिले पाहुणे तेच. 'माडांकडची खोली नेहमीप्रमाणे ठेवली आहे.' हिरवी खूण.

२६ नोव्हेंबर.
सरांचं उत्तर नाही. प्रवासात असतील. गणपतीपासून डोंगलच्या जुन्या नंबरवर एकाही पाहुण्याची तक्रार नाही, हेही नोंदवून ठेवतो. सुचित्रा फोनवरच्या बुकिंग साइटवरून येणाऱ्यांचं बघते, तिला रोज दहा प्रश्न येतात. फरक उघड आहे.

२ डिसेंबर.
काल एक तारीख होती. मार्गशीर्षात घाई नको.

१५ डिसेंबर.
सुचित्रा म्हणाली, "माडांकडची खोली मागणारे तीन फोन आले. सरांना एकदा फोन तरी करा." मी म्हणालो, नऊ वर्षांचा संबंध आहे, विचारलं तर अविश्वास दिसेल. तिने तिघांना नाही सांगितलं.

२२ डिसेंबर. रात्री.
सरांसाठी सुचित्राने वाल भिजवून सोलून बिरडं केलं. नऊपर्यंत वाट पाहिली. दोघंच जेवलो. बिरडं छान झालं होतं, हे मी दोनदा सांगितलं.

२३ डिसेंबर.
सकाळी समुद्रावर सर आणि वल्लरीताई दिसले. गावातल्याच हरेश्वरच्या होमस्टेत उतरलेत. सर म्हणाले, "महादेवराव, तीन मेसेज केले. फोनही लागेना. वाटलं, बंद केलंत." वल्लरीताई म्हणाल्या, "की रागावलात आमच्यावर?" मी हसलो. सुचित्रा हसली नाही.
संध्याकाळी हेमालीने फोनवरून तपासायला लावलं. डोंगलचं सिम रिचार्जअभावी गणपतीतच बंद झालेलं. चार महिन्यांत एकही मेसेज गेलेला नाही, एकही आलेला नाही. हिरवी खूण म्हणजे कॉम्प्युटरने मेसेज डोंगलकडे दिला, एवढंच.
म्हणजे कॉम्प्युटरने त्याचं काम केलंच होतं.

२४ डिसेंबर.
कौल लावायला गेलो. गणराजने पाकळ्या हातातच धरल्या. "देवीनं दोनदा सांगितलंय. आता बायकोला विचार जा."
विचारलं. ती म्हणाली, "मला काय विचारता? आधी सरांची माफी मागा."

२५ डिसेंबर. दुपारी.
हेमालीने क्लाउडवर खातं उघडलं. पाहुण्यांना उत्तरं सुचित्रा देणार. मला 'फक्त पाहता येईल' असा हक्क आहे. जबाबदारीचंच काम आहे ते.
पहिला मेसेज देवदत्त सरांना. मी अकरा ओळी सांगितल्या, सप्रेम नमस्कारापासून. सुचित्राने लिहिलं, 'आमचं चुकलं. रात्री जेवायला या.' मी चष्मा लावेपर्यंत उत्तर आलं होतं: 'येतो. वल्लरी विचारतेय, बिरडं आहे का?' सुचित्रा वाल भिजवायला उठली. म्हणाली, आज नाही होणार, पण दोन दिवस राहतील ना ते.
मी पडवीत गेलो. जुन्या कॉम्प्युटरला नमस्कार केला आणि प्लग काढला. आत फ्रिज बंद पडला. तो परत लावला, आणि मग दुसरा काढला.